कार्बोरेटरचा गुन्हा काय?

इंजिन गरम असताना मोटारसायकल सुरू होईनाशी झाली, की तिच्याभोवती जमलेल्या मंडळींत थंड डोक्याचा एकही इसम सापडत नाही. आणि या मंडळींच्या न्यायालयात आरोपी कायम एकच असतो : कार्बोरेटर. साक्ष नाही, पुरावा नाही, उलटतपासणी नाही. "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय" हा निकाल आधी लागतो आणि गाडी कुठली, बंद कधी पडली, या किरकोळ गोष्टी मागाहून विचारल्या जातात. मी त्या गरिबाचं वकीलपत्र घेतलं आहे. बी.कॉम. झालेल्या बँकेतल्या कारकुनाला वकिली करायची एवढीच काय ती संधी मिळते.

आधी गाडीविषयी दोन शब्द. ही राजदूत. पण नाव ऐकून दुधाचे कॅन लटकवलेली, धर्मेंद्र जिची जाहिरात करायचा ती १७५ सीसीची राजदूत डोळ्यांपुढे आणू नका. ही तिची चुलत बहीण, पण वळण अगदी वेगळं : राजदूत ३५०. जपानच्या यामाहाची १९७३ सालची आरडी ३५०, एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये राजदूत हे आडनाव लावून इकडे आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकली चार गिअरांत सुखानं संसार करीत होत्या. ही पेट्रोल सढळ हातानं पिई, सुटे भागही महाग. त्यामुळे ते दशक संपता संपता तिचा कारखान्यातला मुक्काम हलला. माझ्याकडे आहे ती १९८६ची, मामांची. मामा गेले तेव्हा मामींनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि "विकू नकोस बरं" एवढंच म्हणाल्या. या तीन शब्दांमुळे खटल्याला थोडं गांभीर्य आलं आहे.

नांदेडहून निघालेला रस्ता अर्धापूर ओलांडून वारंगा फाट्याला आला, की त्याचे दोन रस्ते होतात. एक आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. दोन रस्ते जिथे फुटतात तिथे माणसं थांबतात, आणि थांबलेल्या माणसाजवळ वेळ असतो. एसटीची वाट पाहणारे, खिचडी खाऊन तृप्त झालेले, आणि कशाचीच वाट न पाहता नुसते उभे असलेले, असे तज्ज्ञांचे तीन वर्ग इथे बारमाही उपलब्ध असतात. गाडीला दोन किक मारून ती सुरू झाली नाही, की तिन्ही वर्गांची संयुक्त बैठक भरते.

"कार्बोरेटर खोला सायब."

"दोन्ही प्लग फेकून द्या. नवेच टाका."

"इथेनॉल हो, इथेनॉल! दुसरं काय?"

"काहून एवढं डोकं लावता? भंगारवाला नगदी पैसे देईल."

आता या निकालाकडे जरा पाहा. ही गाडी सकाळच्या थंडीत दुसऱ्या किकला सुरू होते. नांदेडपासून फाट्यापर्यंत ठणठणीत पळते. खिचडीपुरतं थांबलं की मग सुरू होत नाही. पाऊण तास तसंच बसून राहिलं, की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. मग मला सांगा, कार्बोरेटरमधला हा कचरा दर पाऊण तासानं किरकोळ रजेवर जातो काय? कचरा म्हटला की तो सकाळीही हवा, दुपारीही हवा. जो दोष उष्णतेबरोबर येतो आणि उष्णतेबरोबर जातो, त्याचा शोध उष्णतेला कंटाळणाऱ्या भागांत घ्यायला नको का?

आणि गंमत अशी, की हवेवर थंड होणारं इंजिन धावताना तापतं त्याहून थांबल्यावर आजूबाजूच्यांना जास्त तापवतं. चालू असताना वारा लागत असतो. थांबलं की वारा बंद, आणि सिलिंडरमधली धग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पसरते. पाहुणे गेल्यावर घरातली खरी धुसफूस सुरू होते, तसंच. या धगीत जुनी इग्निशन कॉइल दगा देते, आणि त्याहून जास्त वेळा कंडेन्सर. कॉन्टॅक्ट पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये जी ठिणगी उडू पाहते ती गिळून टाकणं, म्हणजे खरी ठिणगी प्लगवर कडकडीत पडते, हे कंडेन्सरचं काम. तो थकला की थंड असताना कसंबसं निभावतो आणि तापला की हात वर करतो. आकारानं करंगळीएवढा, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही.

फाट्यावरचे एक मिस्त्री मात्र वेगळ्या घराण्यातले निघाले. साठी उलटलेले. त्यांच्या हाताखालचं पोरगं पाना घेऊन सवयीनं कार्बोरेटरवर झेपावलं, तेव्हा ते म्हणाले, "आरं थांब. आधी तिला इचार तर, काय दुखतंय!"

त्यांनी दोन्ही प्लग काढले. ओले भिजलेले नव्हते, कोरडे ठणठणीतही नव्हते. म्हणजे पेट्रोल येतंय, आणि बेतानं येतंय. मग पेट्रोलपासून दूर, सिलिंडरच्या धातूला प्लग टेकवून किक मारली. डाव्याची ठिणगी निळी, टचकन आवाज करणारी. उजव्याची पिवळी, मरतुकडी. पाच मिनिटांत कार्बोरेटर निर्दोष सुटला आणि एकाही आट्याला पाना लागला नव्हता.

इथून पुढे जे झालं ते पाहून माझ्यातला कारकून गहिवरला. या गाडीला सिलिंडर दोन, कॉइल दोन, पॉइंट दोन आणि कंडेन्सरही दोन. म्हणजे ही शुद्ध डबल एंट्री बुककीपिंग! मिस्त्रींनी डावी-उजवी कॉइल आपसांत बदलली. उजवी ठिणगी पिवळीच राहिली, कॉइल सुटली. मग कंडेन्सरची अदलाबदल केली. तोवर इंजिन निवलं होतं, म्हणून त्यांनी मला बाळापूरपर्यंत फेरी मारून यायला फर्मावलं. आलो, गाडी दहा मिनिटं उभी केली, पुन्हा प्लग काढले. आता उजवी निळी आणि डावी पिवळी! दोष कंडेन्सरचं बोट धरून पलीकडच्या घरी गेला होता. नव्या कंडेन्सरला लागलेले पैसे आठवडी बाजारात पिशवीभर भाजीला लागतील त्याहून कमी होते.

आमच्या जुन्या हेडक्लार्कांची एक शिकवण होती. बेरीज जुळत नसेल तर सगळं लेजर पुन्हा लिहायला बसू नका. आधी फरकाकडे पाहा. फरकाला नवानं भाग जातोय? मग कुठे तरी आकडे उलटसुलट पडलेत, ४५०च्या जागी ५४०. फरकाचं निम्मं एखाद्या रकमेशी जुळतंय? मग ती रक्कम नावेऐवजी जमेला गेलीय. चूक स्वतःच आपला पत्ता सांगत असते. तिचं ऐकायच्या आधीच पानं फाडणाऱ्याला आमच्याकडे हुशार म्हणत नसत. त्याची दुसऱ्या काउंटरवर बदली करीत.

पानं फाडण्यावरून मीटर आठवलं. या गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा थरथरू लागला तेव्हा तीन दुकानांतून एकच सल्ला मिळाला : "मीटरच बदलून टाका." अहो, पण त्या मीटरच्या आत काय आहे हे तरी पाहा! पुढच्या चाकापासून एक केबल येते, तिच्या टोकाला लोहचुंबक फिरतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्शही नसतो, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीला ओढ लागते, एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो आपला वेग. सगळं मध्यमवर्गीय आयुष्यच म्हणा ना! काटा थरथरतो तेव्हा बहुधा केबल कोरडी असते किंवा कुठे मुरडलेली असते. काटा मेलाय पण किलोमीटरचे आकडे फिरताहेत? मग केबल ठीक, दोष मीटरच्या पोटात. दोन्ही मेले? मग केबल तुटली असेल किंवा चाकापाशी तिला फिरवणारा गिअर झिजला असेल. तीन प्रश्न, तीन उत्तरं. माझ्या केबलला हवं होतं फक्त ग्रीस.

"नवीन मीटर स्वस्तात मिळतं, मग कशाला खटपट?" असं विचारणाऱ्यांना माझी दोन उत्तरं आहेत. पहिलं, जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता; आपल्याकडे येताना तो गेला आणि ड्रम आला. पळण्यात ही बाई पटाईत, थांबण्यात नाही. अशा गाडीला खोटं बोलणारा काटा म्हणजे मेलेल्या काट्याहून वाईट. मेलेल्यावर निदान कुणी विश्वास ठेवीत नाही. दुसरं, जुन्या मीटरमध्ये मामांचे किलोमीटर आहेत. नवं मीटर शून्यापासून सुरू होतं. मयत खातेदाराचं पासबुक वारसाला देताना आम्ही आधीच्या नोंदी खोडत नाही.

इथेनॉलवाल्यांचंही ऐकून घेतो, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. २०२५ साली आपल्या पेट्रोलातलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं. ते पाणी शोषतं, आणि त्या मिश्रणाचा विचार करून न बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या-वॉशरना ते मानवत नाही. कार्बोरेटरही काही साधुसंत नव्हे. फ्लोटची सुई झिजली तर तो गरम इंजिनात पेट्रोलचा पूर करतो, आणि मग प्लग चिंब निघतो. टू-स्ट्रोकच्या क्रँकचे ऑइल सील गेले तरी गरम इंजिन रुसतं. पण म्हणूनच तर प्लग काढून बघायचा! टाकी एक, पेट्रोल एक, मग इथेनॉल नेमकं उजव्या सिलिंडरलाच का बाधावं? आरोप करायला माझी ना नाही. आरोपी पुराव्यावरून निवडा, सवयीवरून नको.

कारण सवयीचा हा निकाल फुकट पडत नाही. आज कार्बोरेटर, उद्या प्लग, परवा कॉइल, तेरवा मीटर असे भाग बदलत जातो, दोष जागच्या जागी राहतो, आणि शेवटी मालक दमून भंगारवाल्याला फोन करतो. त्यात २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीच्या नोंदणीचं नूतनीकरण २,००० रुपयांवर गेलेलं. म्हणजे विकायला आणखी एक कारण. अशा किती गाड्या करंगळीएवढ्या कंडेन्सरपायी वितळून गेल्या असतील! आणि गाडीपेक्षा मला त्या पाना घेऊन झेपावणाऱ्या पोराची चिंता वाटते. त्याला भाग बदलायला सगळेच शिकवतील. निळी ठिणगी कुठली आणि पिवळी कुठली, हे दाखवणारे मिस्त्री साठी उलटलेले आहेत.

तेव्हा माझं मागणं एवढंच. यापुढे कुणी आपल्या गाडीचा कुठलाही भाग खोलू लागला, तर नम्रपणे विचारा, "काय दिसलं म्हणून खोलताय?" उत्तर मिळालं तर खुशाल खोलू द्या. नाही मिळालं, तर तोवर कार्बोरेटरला जामीन मंजूर व्हावा.