मॅनेजमेंट कोटा नेमका कोणाचा?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एक मुलगा पेढे घेऊन आला. मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी ट्रेनी म्हणून तीन वर्षे राबलेला. बाप महापालिकेत सफाई कामगार. नोकरी करून, रात्री जागून त्याने प्रवेश परीक्षा दिली आणि एका नावाजलेल्या व्यवस्थापन संस्थेत त्याचा नंबर लागला. दहा दिवसांनी तो परत आला तेव्हा हातात बँकेचे कागद होते. जागा पक्की करण्यासाठी भरायची पहिली रक्कम बापाच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. कर्ज मंजूर व्हायला वेळ होता. आम्ही वर्गणी काढली, ती अर्धीच जमली आणि मुदत संपली. आज तो त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर आहे. त्याच्यावर साहेब म्हणून आलेला पोरगा त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्या पोराने लेथ चालवलेली नाही, पण बी.ई.वर एम.बी.ए. आहे.

लोक म्हणतात, नशीब. मी म्हणतो, ही व्यवस्था आहे आणि तिचा हिशेब मांडता येतो.

इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापन या दोन पदव्या जिथे एकत्र येतात तिथे कारखान्याची सत्ता असते. कोणाला कायम करायचे, कोणाला कंत्राटावर ठेवायचे, कोणाची पाळी लावायची, कोणाला बढती द्यायची, हे त्या खुर्चीवरून ठरते. बाबासाहेब ज्यांना मोक्याच्या जागा म्हणत, त्यातली ही खासगी क्षेत्रातली सगळ्यात मोठी. आणि या खुर्चीचे शिक्षण सुरुवातीला कोणाच्या पैशातून उभे राहिले? पवईला विहार तलावाजवळ १९६३ साली भारत सरकारने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्था काढली. सगळे तिला 'नायटी' म्हणत. अभियंत्याला कारखाना चालवायला शिकवायचे, हे तिचे काम. २०२३ साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि तिचे आयआयएम मुंबई झाले. जनतेच्या करातून उभी राहिलेली संस्था आहे ही. त्या करात झाडूवाल्याने काडेपेटी घेताना भरलेला करही आहे.

या विषयातले एक जुने शास्त्र म्हणजे कार्य-अभ्यास, इंग्रजीत वर्क स्टडी. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या हाताची प्रत्येक हालचाल सेकंदात मोजायची आणि कुठे वेळ वाया जातो ते शोधायचे. मला नेहमी वाटते, हे घड्याळ एकदा मॅनहोलच्या तोंडाशी धरले असते तर? तिथे वेळ सेकंदातच मोजावा लागतो. विषारी वायूत माणूस किती क्षण तग धरतो, हे मोजणारा प्रकल्प अहवाल कोणत्या पदवीसाठी लिहिला जातो? मैला उचलण्याच्या कामाला बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा आहे आणि माणसे अजून गटारात मरतात. अभियांत्रिकीही आहे, व्यवस्थापनही आहे. खुर्चीवर बसलेल्याच्या घरातले कोणी गटारात उतरत नाही, एवढीच अडचण आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९३८ साली मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी गँगमनचा प्रश्न मांडला. अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि त्या घरात विटाळ चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे. जास्त पगाराचे खाते तेच. म्हणजे बढतीचा प्रश्न कौशल्याचा कधीच नव्हता. तो घरात कोणाला घ्यायचे याचा होता. मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातीच्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला तो याच जाणिवेतून. नुसत्या कारकुनीने भागणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आता 'मेरिट'वाल्यांकडे वळू. त्यांचे म्हणणे असे की व्यवस्थापन हे नाजूक क्षेत्र आहे, इथे आरक्षण आणले तर गुणवत्ता ढासळेल. छान. मग महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर भरल्या जातात, त्यांना लोक काय म्हणतात? मॅनेजमेंट कोटा! कोटा हा शब्द आमच्या नावापुढे लागला की शिवी होते आणि मॅनेजमेंटच्या नावापुढे लागला की सोय होते. या जागांवर आमचा मुलगा गेला तर त्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसुद्धा लागू नाही. या कोट्यातून इंजिनिअर झालेला कोणी पूल बांधतो तेव्हा तो पडेल म्हणून कोणी अग्रलेख लिहीत नाही.

केंद्रीय संस्थांत विद्यार्थ्यांसाठी आरक्षण आहे, हे खरे. १५ टक्के, साडेसात टक्के, २७ टक्के. पण जागा देऊन फी न सोडणे म्हणजे जेवायला बोलावून ताटाचे पैसे मागणे. आयआयटीत बी.टेक.ला अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांची शिकवणी फी २०१६ पासून पूर्ण माफ आहे. मग तीच मुले पुढे व्यवस्थापनाकडे वळतात तेव्हा हा न्याय का संपतो? जुन्या आयआयएममध्ये दोन वर्षांचे शुल्क २० लाखांच्या पुढे गेले आहे. केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे, पण संस्था यादीत हवी, आणि यादीत असली तरी संस्थेमागे जागा ठरावीक. आमच्या मुलाची संस्था यादीत नव्हती.

शिकवणारे कोण, हा याहून मोठा प्रश्न. अध्यापकांच्या आरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१९ साली झाला आणि तो आयआयएमनाही लागू आहे. शाई वाळते न वाळते तोच आयआयएमनी सरकारकडे मागणी केली की आम्हाला उत्कृष्ट संस्था समजून यातून वगळा. पुढच्याच वर्षी सरकारने नेमलेल्या समितीने आयआयटींनाही सूट द्यावी अशी शिफारस केली. कारण तेच ठेवणीतले, योग्य उमेदवार मिळत नाहीत. उमेदवार येतो कुठून? पीएच.डी.मधून. अहमदाबादची आयआयएम १९६१ सालची. तिने पीएच.डी. प्रवेशात आरक्षण लागू करायचे ठरवले ते २०२५ पासून, तेही प्रकरण न्यायालयात गेल्यानंतर. साठ वर्षे विहिरीला कुंपण घालायचे आणि मग म्हणायचे, यांना पोहता येत नाही!

पदवी मिळालीच तर पुढे काय? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या साधारण दोन तृतीयांश निघाली. त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ प्रमुखांच्या मुलाखती घेतल्या. जातीचा विषय काढला की साहेब लोक म्हणायचे, आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. आणि उमेदवाराला काय विचारता? तर कौटुंबिक पार्श्वभूमी. वडील काय करतात, घरात शिकलेले किती, वाढलात कुठे. जात न विचारता जात काढून घेण्याची ही रीत आपल्याकडे लग्न जमवतानाही वापरतात. २०१२ साली अजित, डोंकर आणि सक्सेना यांनी एक हजार मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली, तेव्हा ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. याला गुणवत्ता म्हणायचे असेल तर मनमाडचा स्टेशनमास्तरही गुणवत्ताच पाहत होता.

काही डावे मित्र म्हणतात, व्यवस्थापन हे भांडवलदाराचे हत्यार, आपल्या पोरांनी त्यात जाऊच नये. मित्रांनो, त्याच मनमाडला बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते, आणि त्याच भाषणात गँगमनची बढतीही मागितली होती. शत्रूच्या किल्ल्यात आपला माणूस नको, हे तत्त्वज्ञान ज्यांची तीन पिढ्यांची घरे किल्ल्यातच आहेत त्यांना परवडते.

आणि आता आपल्या लोकांना दोन शब्द, राग आला तरी चालेल. आपण जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे उडवतो, त्यात अशा दोन मुलांचा पहिला हप्ता भागला असता. आपल्या अभ्यासिकांत एम.पी.एस.सी.ची पुस्तके रचून ठेवलेली असतात. कॅटचे एक पुस्तक शोधून दाखवा. सरकारी जागा आटत चालल्यात, महाविद्यालये एकामागून एक खासगी विद्यापीठे होत चाललीत, आणि आपण अजून तलाठी भरतीच्या जाहिरातीची वाट पाहतोय. संविधानाच्या कलम १५(५) मध्ये २००५ साली खासगी शिक्षणसंस्थांतील आरक्षणाची तरतूद झाली. देशभरातल्या खासगी संस्थांना लागू होईल असा कायदा त्यावर संसदेने अजून केलेला नाही. यासाठी किती मोर्चे निघाले? माझ्या माहितीत आमच्या जिल्ह्यात एकही नाही. त्यात मीही आलो.

आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक व्यवस्थापन महाविद्यालयाकडे, सरकारी असेल तर माहिती अधिकारात, खासगी असेल तर समाजकल्याणमार्फत, दोन गोष्टी मागा: अनुसूचित जातीच्या किती जागा रिकाम्या राहिल्या आणि किती मुलांनी फीअभावी प्रवेश सोडला. दुसरा आकडा कोणीच ठेवत नाही, असे उत्तर येईल. ते लेखी घ्या.

तो मुलगा यंदा पुन्हा परीक्षेला बसतोय. या वेळी आम्ही वर्गणी निकालाची वाट न पाहता जूनपासूनच सुरू केली आहे.

जय भीम.