फाइलला पाठ नसते

परवा रविवारी आत्याकडे गेलो होतो. वय वर्षं शहाऐंशी, चष्मा जाड, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी. लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला आणि एक फोटो उघडला. वाड्याचा चौक, मांडव, डोक्याचा गोटा केलेला एक मुलगा आणि मागे पंधरा-सोळा माणसं. फाइलचं नाव 'स्कॅन ००४७'.

"अरे, हे तर पानशेतच्या आधीचं!" आत्या म्हणाली.

पुण्यात तिच्या वयाच्या माणसांची कालगणना अशीच असते, पानशेतच्या आधी आणि पानशेतच्या नंतर. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं आणि आमच्या वाड्याच्या खालच्या मजल्यावर होतं नव्हतं ते सगळं गेलं. माडीवरच्या एका ट्रंकेत होते तेवढेच फोटो वाचले.

आता गंमत ऐका. पुरातून वाचलेले हे फोटो आम्ही स्कॅन करून बुडवले.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी वाडा पाडून बिल्डिंग उभी राहायची होती. सामान हलवायच्या आधी चुलतभावाने शहाणपणा करून सगळे फोटो एका दुकानात स्कॅनिंगला दिले. एकूण ३१८. दुकानदाराने काम चोख केलं, झकास रिझोल्युशनमध्ये. फक्त फोटोची पुढची बाजू. मागच्या बाजूला आजोबांनी पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं, गाव आणि तारीख लिहून ठेवली होती. ती स्कॅन करा असं आम्ही त्याला सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. दोन भाड्याच्या घरांमधून फिरताना मूळ फोटोंचं खोकं कुठे गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. पण तेव्हा कोणालाच फार वाईट वाटलं नाही. "स्कॅन आहेत ना, मग झालं तर!"

स्कॅन आहेत. माणसं गेली.

तर मंडळी, आजचा मुद्दा हा. कागदाच्या फोटोला पाठ असते, फाइलला नसते. ती आपण द्यावी लागते. आणि आपण, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून पोट भरणारी जमात, ती देत नाही. ऑफिसात कोणी 'फिक्स्ड' एवढाच कमिट मेसेज टाकला तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढणारे आपण. घरी आपल्याच लॅपटॉपवर 'न्यू फोल्डर ३'मध्ये 'फायनल फायनल' नावाची पीडीएफ आणि व्हॉट्सॅपवरून आलेले चार हजार फोटो. सोसायटीच्या मीटिंगला फ्लॅटचं इंडेक्स टू हवं असतं, डॉक्टरांना बाबांचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट हवा असतो, आणि आपण एकेक फाइल उघडून बघत बसतो. लाज वाटायला हवी. मला वाटते.

तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण मीही तेच म्हणत होतो.

पहिलं म्हणणं: "हल्ली सर्च इतका हुशार झालाय, एआय आहे, टॅग कशाला लावायचे?" मी तो ४७ नंबरचा फोटो एका एआयला दाखवला. त्याने सांगितलं, भारतीय कुटुंब, धार्मिक विधी, जुनं घर. शाबास! एवढं तर आमच्या बिल्डिंगचा वॉचमनही सांगेल. ही मुंज कोणाची, डावीकडून तिसरी बाई कोण, आणि ती कोपऱ्यात तोंड फिरवून का उभी आहे, हे चित्रात नाहीच. ते आत्याच्या डोक्यात आहे. जे चित्रात नाही ते मशीनने शोधायचं कुठून? उलट मशीन हुशार होत जाईल तसं त्याला शोधायला काहीतरी लिहिलेलं हवं.

दुसरं म्हणणं: "माझे फोल्डर व्यवस्थित आहेत." असतील. वाईला झालेल्या मुंजीचा आजोबांबरोबरचा फोटो कुठल्या फोल्डरमध्ये ठेवता? 'वाई', 'मुंज' की 'आजोबा'? फोल्डर एकच उत्तर देऊ देतो. टॅग तिन्ही देतात.

तिसरं म्हणणं सगळ्यात घातक: "आमच्या अमुक ॲपमध्ये सगळं टॅग केलेलं आहे." अरे बाबांनो, टॅग फाइलमध्ये आहे की ॲपच्या वहीत, ते आधी बघा. विंडोज एक्सपीमध्ये कुठल्याही फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'समरी'मध्ये शेरा लिहिता यायचा. साध्या टेक्स्ट फाइलचा शेरा फाइलच्या आत नव्हे, तर एनटीएफएसच्या एका लपवलेल्या कप्प्यात जायचा. व्हिस्टा आलं आणि ती सोय बंद झाली. ज्यांनी भक्तिभावाने शेरे लिहिले होते ते हात चोळत बसले. पिकासामध्ये आपण सगळ्यांनीच रात्र रात्र जागून चेहऱ्यांना नावं दिली. गूगलने २०१६ मध्ये पिकासा बंद केलं आणि त्यातली बरीच नावं पिकासाच्याच हिशेबात राहून गेली. मॅकवर फाइंडरच्या कमेंट आहेत, २०१३ पासून रंगीत टॅगही आहेत. छान आहेत, मी वापरतो. पण तेही फाइलच्या बाजूला चिकटवलेले. पेन ड्राइव्हवरून मित्राच्या विंडोजवर फाइल गेली की गळून पडतात. लिनक्सवाल्यांनी फार हसू नये. तुमचे एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटसुद्धा साध्या कॉपी कमांडने मागेच राहतात, मुद्दाम सांगावं लागतं.

म्हणून माझा नियम एकच: शेरा फाइलच्या पोटात लिहायचा, आणि तो स्क्रिप्टने लिहायचा.

पोटात का, ते सांगून झालं. स्क्रिप्टने का? कारण ३१८ वेळा राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडणारा माणूस चाळिसाव्या फोटोला कंटाळतो. मी तेराव्यालाच कंटाळलो होतो.

मी काय केलं सांगतो, कोणालाही जमेल. एक स्प्रेडशीट उघडली. पहिल्या रकान्यात फाइलचं नाव, मग कोण, कुठे, कधी, आणि शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे: 'कोणी सांगितलं' आणि 'नक्की की बहुतेक'. आत्या बोलत गेली, मी टाइप करत गेलो. घरी आल्यावर वीसेक ओळींच्या पायथन स्क्रिप्टने त्याची वर्णनं आणि टॅग तयार केले आणि एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅमला दिले. हा प्रोग्रॅम २००३ पासून आहे आणि फोटोच काय, पीडीएफमध्येही लिहितो. शिवाय मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवतो, त्यामुळे पहिल्यांदा चुकलात तरी घाबरू नका. मी चुकलो होतोच. फोटोतली वर्णनं ठेवायच्या जागा तीन, एक्झिफ, आयपीटीसी आणि एक्सएमपी. पहिल्या दोन इंग्रजी अक्षरांच्या जमान्यातल्या, तिथे देवनागरी लिहायला गेलात तर वेगळी खटपट न केल्यास हाती कचरा येतो. एक्सएमपी युनिकोडच आहे, मराठीसाठी तेच वापरा. शोधायचं असेल तेव्हा एक्झिफटूललाच सगळी वर्णनं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओतायला सांगायचं आणि तिच्यात शोधायचं. कुठली कंपनी नको, कुठलं खातं नको.

आणि हो, हे फोटो व्हॉट्सॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर पोटातलं सगळं पुसलं जातं.

आता एक खास मराठी खड्डा. 'कऱ्हाड' शोधलं, तर अर्धेच फोटो सापडले. डोळे फाडून बघितलं, दोन्हीकडे अक्षरं तीच. मग बाइट काढून बघितले तेव्हा उलगडलं. 'कऱ्हाड' आणि 'कर्‍हाड' पडद्यावर जुळे भाऊ दिसतात, पण एकात नुक्त्याचा ऱ आहे, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडअक्षर. मोबाइलवर एक उमटतं, लॅपटॉपच्या कीबोर्डवर दुसरं. 'ॲडव्होकेट'मधल्या ॲची तर तीन रूपं फिरतात, कारण त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन हे मिटवत नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये यासाठी चार ओळी आहेत: लिहिण्याआधी सगळी रूपं एकाच रूपात आणायची, आणि शोधतानाही तेच करायचं. हाताने टॅग लावणाऱ्याला हे कधी कळलंच नसतं. स्क्रिप्टच का, याचं आणखी एक उत्तर.

"पण एवढा वेळ कोणाला आहे?" हे शेवटचं म्हणणं, आणि यावर मला खरोखर राग येतो.

आपल्याच गावात, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या महाकोशाचं काम चालू आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये ते सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांमधला एकेक शब्द काढायचा, तो कुठल्या ग्रंथात कुठे आला ते कागदाच्या चिठ्ठीवर हाताने लिहायचं आणि चिठ्ठी कपाटात लावायची. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथे आहेत. पहिला भाग छापून आला तो १९७६ साली. ग्रंथ आधीही होते, पण अमुक शब्द कुठे कुठे आलाय हे विचारता येऊ लागलं ते चिठ्ठ्यांमुळे. ती चिठ्ठी म्हणजे टॅगच की! शाई, कागद आणि माणसं यांच्या जोरावर त्यांनी एक कोटी टॅग लावले. आणि आपल्याकडे दोन सेकंदांत ३१८ ओळी वाचणारं यंत्र असताना आपल्याला वेळ नाही?

असो. माझे तीन रविवार गेले. स्क्रिप्ट लिहायला एक दुपार, चालायला मिनिटभर. बाकी सगळा वेळ आत्याच्या बोलण्याचा, आणि तो काही फुकट गेला नाही. कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, कोणी घर सोडून मुंबईला गेलं, पुराच्या दिवशी कोण कोणाला खांद्यावर घेऊन माडीवर चढलं, सगळं कळलं.

पण ४७ नंबरच्या फोटोतल्या त्या कोपऱ्यातल्या बाईपाशी आत्या थांबली. बराच वेळ बघत राहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही कोण बरं... आमच्या ताईला माहीत असायचं."

मोठी आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. स्कॅन तेव्हाही होते, लॅपटॉप होता, एक्झिफटूल होतं. मला वेळ नव्हता.

त्या बाईच्या रकान्यात मी 'माहीत नाही' असं लिहिलंय. स्क्रिप्टने ते इमानदारीत फोटोच्या पोटात लिहून टाकलं. आता 'माहीत नाही' असं शोधलं की ती पहिली सापडते.

तुमच्या घरी कोणी शहाऐंशी वर्षांचं असेल, तर स्क्रिप्ट नंतर लिहा. या रविवारी आधी स्प्रेडशीट घेऊन त्यांच्यापुढे बसा.