पायात येतंय

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, परकर बोटभर लांब चालत नाही आणि बोटभर आखूडही चालत नाही. लांब झाला की "पायात येतंय", आखूड झाला की साडी दोन पायांत गुंडाळते. घरात घालायच्या गाऊनची तीच तऱ्हा. पुढून बरोबर आला तर मागून उचललेला, मागून बरोबर केला तर पुढून जमीन झाडणारा. लोणी स्टेशनच्या बाजारातून नवा कपडा आला की आत्याबाई तो लगेच अंगाला लावून बघतात आणि बाकीची मंडळी एकमेकांकडे बघतात. त्यांचा किरकिरेपणा पाहुण्यारावळ्यांतही माहीत आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं, म्हणून आज त्यांची बाजू मांडते.

वय झालं की पुष्कळ बायकांच्या पाठीला पोक येतो. हाडं ठिसूळ होतात, मणके दबतात, उंची घटते आणि धड पुढे झुकतं. मग गाऊन खांद्यावरून पुढे लोंबतो आणि मागचं कापड पाठीच्या बाकावर चढून वर ओढलं जातं. पलंगावर पसरला तर त्याच गाऊनची कड अगदी रेषेत दिसते. दुकानात खांद्यापासून टेप सोडतात, एक आकडा लिहून घेतात आणि सगळीकडून तेवढंच दुमडून टीप मारून देतात. आत्याबाईंची पाठ त्या आकड्यात कुठेच नसते. ती त्यांच्या तक्रारीत असते.

म्हणून मी माप जमिनीपासून वर घेते. आत्याबाईंना घरातल्या स्लीपर घालून मोकळ्या जागेत उभं करायचं आणि समोर बघायला सांगायचं. हेच अवघड. मी काय करतेय ते बघायला त्या खाली वाकतात, आणि वाकल्या की पुढची कड लगेच खाली येऊन खूण चुकते. "आत्याबाई, दाराकडं बघा," असं म्हणत मी जमिनीवर बसून पट्टी उभी धरते आणि घोट्याच्या हाडाच्या उंचीला खडूने खुणा करत त्यांच्याभोवती सरकत जाते. गाऊन उतरवला की पुढच्या खुणा काठापासून चांगल्या वर, कुशीकडे उतरत गेलेल्या आणि मागे जवळजवळ काठाशी दिसतात. त्यांची पाठ किती झुकली आहे ते त्या खडूच्या रेघेत दिसतं, आणि मला दरवेळी गलबलून येतं.

अशी दुमड सगळीकडे सारख्या रुंदीची होत नाही. आत जास्तीचं कापड गोळा होतं, ते बारीक चुण्या घेत बसवावं लागतं. आधी कच्चा दोरा घालून त्यांना चालायला, खुर्चीत बसून उठायला लावायचं. त्यांनी मान हलवली की मगच पक्की शिलाई, तीही हाताने, सुईत वरच्या कापडाचा एखादाच धागा धरून. कडेत अंगठा अडकलाच तर हातशिलाईचा दोरा तुटतो. मशीनची टीप सहजी तुटत नाही, माणूसच तोंडावर पडतो. त्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड, ऑपरेशन आणि महिनोन् महिने अंथरूण.

सुती कपडा असेल तर या सगळ्याच्या आधी पाण्यात भिजवून वाळवायचा, कारण तो पहिल्या धुण्यात आटतो. साडीच्या सुती फॉलचंही तेच. न भिजवता लावला तर धुतल्यावर साडीचा काठ चुण्या पडून गोळा होतो.

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी पुण्याहून निघून लोणी काळभोरला मुक्कामाला येते आणि पुढे यवतला जाते. त्या दिवशी आमच्याकडे वारकऱ्यांच्या पंगती असतात. आत्याबाई दिवसभर आतबाहेर करतात. दोन्ही हातांत भाताचं पातेलं, पावसानं ओल्या झालेल्या ओसरीच्या पायऱ्या, आणि पातेल्याआड पाय दिसतही नाहीत. अशा वेळी परकर घोट्यावर आहे की टाचेखाली, यावर सगळं अवलंबून असतं. वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचा उसवलेला सदरा, फाटकी पिशवी फुकट शिवून देणारे शिंपी भेटतात. दिवसभर चालणाऱ्या माणसाला कपडा कुठे अडतो, हे त्यांना सांगावं लागत नाही.

तुमच्या घरीही असं कुणी म्हातारं माणूस कपड्याच्या लांबीवरून कुरकुरत असेल तर त्यांना उभं करून एकदा जमिनीपासून माप घ्या. कपडा दुकानात देणार असाल तर शिंप्याला आवर्जून सांगा, की जास्तीचं कापड कापू नका, आत माया ठेवा. पाठ आणखी झुकली की मागची कड पुन्हा सोडावी लागते.