प्लास्टरनंतरची पहिली रात्र

आंब्या-काजूच्या दिवसांत झाडावरून आणि पावसात शेवाळलेल्या अंगणात पडून हात मोडलेली मुले आपल्याकडे येतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांत कोपराच्या अगदी वर हाड मोडण्याचे प्रमाण मोठे. आपण एक्स-रे पाहतो, हाड बसवतो, स्लॅब बांधतो आणि पुढची तारीख देऊन घरी पाठवतो. त्या रात्री मुलाजवळ जागणाऱ्या आईला किंवा आजीला मात्र आपण पुरेसे सांगत नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे.

सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते. घट्ट पट्ट्यांखाली रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांतच स्नायू मरू लागतात. शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 मध्ये वर्णिलेला तो आखडलेला पंजा टाळणे आज घरच्यांच्या नजरेवर अवलंबून आहे. औषध देऊनही वाढणारे दुखणे, बोट सरळ करताच फुटणारी किंचाळी, थंड वा फिकट बोटे, मुंग्या. यांतले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता मुलाला लगेच रुग्णालयात न्यायचे. लहान मूल दुखणे सांगत नाही, नुसते किरकिरते. त्याला हट्टी समजू नये, हेही सांगावे लागते.

पेडणे, डिचोलीच्या आतल्या गावांतून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत (गोमेकॉ) पोचायला वेळ लागतो. म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी प्लास्टर आतल्या कापसासकट त्वचेपर्यंत उभे चिरावे आणि मगच 108 रुग्णवाहिकेने पुढे पाठवावे. ज्यांनी घातले तेच काढतील, हा संकोच मुलाचा हात घालवू शकतो.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. हात उशीवर उंच ठेवावा, बोटे हलवत राहावे, पॅरासिटामॉल वजनानुसार द्यावे. खाज सुटली तरी आत पट्टी किंवा सुई घालू नये. प्लास्टर भिजू देऊ नये. प्लास्टर निघाल्यावर कोपराला तेल लावून जोराने चोळू नये. तसे केल्याने सांधा अधिकच आखडतो. खेळता-खेळता मूल हात स्वतःच मोकळा करते.

हे सारे मराठी-कोकणीत एका पानावर छापून हाती द्या, बोटे कशी तपासायची ते घरच्यांकडूनच करवून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन करा. एवढे झाल्याशिवाय मुलाला घरी पाठवू नका, ही आमची प्रत्येक सहकाऱ्याला विनंती आहे.