भोजशाळेचा वाद आणि ज्युरीची आठवण

धार येथील भोजशाळा-कमाल मौला मशीद परिसराचे शास्त्रीय सर्वेक्षण करण्याचा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ११ मार्च २०२४ रोजी दिला. मंगळवारी पूजा आणि शुक्रवारी नमाज ही तेथे २००३ मध्ये लागू झालेली व्यवस्था होती. अशा वादाचा निवाडा माळव्यातीलच नऊ नागरिकांवर सोपविला असता तर? प्रश्न काल्पनिक आहे. ज्युरी होती तेव्हाही ती फौजदारी खटल्यांसाठी होती आणि हा वाद त्या जातीचा नव्हे. परंतु बंद खोलीत बसलेली माणसे आपली श्रद्धा, आपला समाज आणि वर्तमानपत्रांतील गलका बाहेर ठेवू शकतात काय, हा प्रश्न मात्र काल्पनिक नाही.

इंदूरला त्याची जुनी ओळख आहे. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची हत्या झाली. त्याच्यासोबत मोटारीत असलेली मुमताज बेगम ही महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या आश्रयातून निसटलेली नर्तकी. तिला पळवून इंदूरला नेण्याचा हल्लेखोरांचा बेत योगायोगाने तेथे पोहोचलेल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमुळे फसला. खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रंप आणि ज्युरी यांच्यापुढे चालला. तिघांना फाशीची शिक्षा झाली. सूत्रधार कोण, याचा उलगडा झाला नाही. महाराज आरोपीच्या पिंजऱ्यात कधीच आले नाहीत. चौकशी की पदत्याग, असा पर्याय पुढे ठेवला गेल्यावर त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. हाच खटला होळकरांच्या प्रजाजनांपुढे इंदुरात चालला असता तर निकाल तोच लागला असता, असे छातीठोकपणे कोणी म्हणेल असे वाटत नाही. गुन्हा मुंबईत घडला म्हणून ज्युरीला राजवाड्यापासूनचे अंतर लाभले. ते व्यवस्थेचे श्रेय नव्हते.

हे अंतर दुसऱ्या टोकालाही जाते. १९०८ साली लोकमान्य टिळकांना दोषी ठरविणाऱ्या नऊ ज्युरींपैकी सात युरोपीय होते आणि निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. ‘केसरी’तील अग्रलेखांचा न्याय झाला तो भाषांतरांवरून. मराठी वाचकाला ही गोष्ट आजही खुपावी अशीच आहे.

मग १९५९ चा नानावटी खटला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने उघडपणे आरोपीची बाजू घेतली; पारशी समाज नानावटींच्या मागे, तर सिंधी समाज मृत प्रेम आहुजाच्या कुटुंबामागे उभा राहिला. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना ते न पटल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले आणि जन्मठेप झाली. या एका खटल्याने ज्युरी बुडाली, ही समजूत मात्र अर्धीच खरी. विधी आयोगाने १९५८ मध्येच ती रद्द करण्याची शिफारस केली होती.

तरीही एका कोपऱ्यात ती टिकली आहे आणि तेथे धर्म हीच पात्रता आहे. पारशी विवाह व घटस्फोट कायदा १९३६ नुसार न्यायाधीशांसोबत पारशी प्रतिनिधी बसतात; १९८८ च्या दुरुस्तीने त्यांची संख्या सातवरून पाच झाली. समाजाच्या चालीरीती जाणणारी माणसे हवीत, हा त्यामागचा विचार. तंटा दोन्ही बाजूंनी एकाच समाजातला असेपर्यंत तो चालू शकतो. भोजशाळेसारख्या ठिकाणी तोच विचार उलटेल.

न्यायाधीशही श्रद्धावान असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी खेड तालुक्यातील कन्हेरसर या आपल्या मूळ गावी, अयोध्या वादात मार्ग सापडावा म्हणून आपण देवापुढे बसलो होतो, असे सांगितले. त्यावर अनेकांनी नाराजी व्यक्त केली, ती गैरवाजवी नव्हती. पण ९ नोव्हेंबर २०१९ चा तो निकाल हजारांहून अधिक पानांचा आहे. लेखक न्यायमूर्तीचे नाव त्यावर नाही, हे वैगुण्य धरूनही त्यातील प्रत्येक कारण कोणालाही तपासता येते, खोडून काढता येते.

भोजशाळेचा पुरातत्त्व खात्याचा अहवालही दोन हजारांहून अधिक पानांचा आहे. त्यातले काय स्वीकारले, काय नाकारले आणि का, हे न्यायाधीशांना लिहून द्यावे लागते. ज्युरीतील नऊ जण एका शब्दात उत्तर देऊन घरी गेले असते.