खिशातला कॅमेरा, पण कुणाच्या खिशातला?

माझ्या नानीचा एकच फोटो आमच्याकडे आहे, तिच्या मतदार ओळखपत्रावरचा. शाळेच्या व्हरांड्यात पांढरं कापड टांगून गावातल्या सगळ्या बायकांचे एकापाठोपाठ एक फोटो घेतले होते, त्यातला. नानीचा इंतकाल झाल्यावर मामूंनी तो स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. करवंदाएवढा चेहरा ताटाएवढा केल्यावर व्हायचं तेच झालं. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग आणि ओठ असे घट्ट मिटलेले, की ही बाई आयुष्यात कधी हसलीच नसेल. मी तिला पाहिलंय म्हणून सांगते, नानी दिवसभर हसायची.

आता अम्मीचं वय शहात्तर आहे. तिचे फोटो म्हणजे आधार कार्ड, हजचा पासपोर्ट आणि लग्नाच्या अल्बममध्ये कोपऱ्यात अर्धी कापली गेलेली ओढणी. म्हणून सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता हातात आला तेव्हा ठरवलं, कॅमेरा घ्यायचा. तस्वीर जायज की नाजायज या वादात मी इथे शिरत नाही. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांचा मी आदर करते, आणि त्यांच्याही कपाटात पासपोर्ट असतो हेही मला माहीत आहे.

शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न आला तो अपेक्षितच होता. "बाई, फोन आहे की हातात!" आहे, आणि चांगले फोटो काढतो. पण आमच्या घरांमध्ये फोन समोर धरला की बायका पहिली गोष्ट कोणती विचारतात? "कुठे टाकणार नाहीस ना?" हा प्रश्न उगाच आलेला नाही. २०२१ च्या जुलैत आणि पुन्हा २०२२ च्या जानेवारीत शिकल्यासवरल्या, लिहित्या-बोलत्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या सोशल मीडियावरच्या खात्यांवरून उचलून इंटरनेटवर त्यांचा 'लिलाव' मांडला गेला होता. त्यात पत्रकार होत्या, वकील होत्या. अटकाही झाल्या. पण दापोलीच्या बाजूच्या एखाद्या वाडीतल्या बाईला त्या बातमीतून एवढंच कळलं, की फोटो घरातून निघाला की परत येत नाही. फोनमध्ये काढलेला फोटो तर घरातून निघण्यासाठीच काढलेला असतो. बोट चुकून लागलं तरी तो कुटुंबाच्या ग्रुपवर, आणि तिथून कुवेत, मस्कत, नालासोपारा.

त्यामुळे मला असा कॅमेरा हवा होता ज्यातून फोटो आपोआप कुठे जाणार नाही. योगायोगानं असे दोन जुने कॅमेरे एकाच आठवड्यात समोर आले, आणि दोन्हींत वायफाय नाही. विकणाऱ्यांना हा दोष वाटत होता. मला तोच गुण वाटला. कार्ड काढायचं आणि ज्यांचे फोटो त्यांच्या हातात ठेवायचं.

पहिला आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा निकॉन डी९०. २००८ साली बाजारात आलेला, त्या काळी नाव कमावलेला डीएसएलआर. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर तोच. सोबत १८-१०५ ची झूम लेन्स, तेरा हजार. वर दोन हजार दिले तर पन्नासची जुनी छोटी लेन्सही. दुसरा भाच्याचा सोनी आरएक्स१००, २०१२ चा. भाचा कुवेतहून सुट्टीवर आला होता. त्याला आता फोन पुरतो, म्हणून सोळा हजाराला देऊन टाकतो म्हणाला. (मामीला सोळा, बाहेर अठरा, असंही त्यानं ऐकवलं.) म्हणजे पैशाच्या बाबतीत दोन्ही सारखेच. दोघांनीही आठवडाभर वापरून बघा म्हणून कॅमेरे माझ्याकडे ठेवले.

सरांचा मुद्दा एकच होता, सेन्सर. आणि तो खोटा नाही. डी९० चा सेन्सर साधारण २३.६ बाय १५.८ मिलिमीटर, सोनीचा १३.२ बाय ८.८. क्षेत्रफळ काढा, पहिला दुसऱ्याच्या तिपटीहून थोडा मोठा भरतो. पावसाचं पाणी परातीत जास्त साठतं की वाटीत, हा प्रश्न पाचवीच्या मुलालाही सुटेल. गंमत म्हणजे मेगापिक्सेल उलटे आहेत. मोठ्यात १२.३, छोट्यात २०.२. नुसता तो आकडा बघून कॅमेरा घेणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

पण परात मोठी असली तरी वरचा पन्हाळ किती रुंद आहे तेही पाहायला हवं. छोट्या सोनीची लेन्स, झूम न करता, एफ/१.८ पर्यंत उघडते. डी९० बरोबरची झूम तिथे एफ/३.५ वरच थांबते. हा फरक जवळजवळ पावणेचार पट उजेडाचा आहे. म्हणजे ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये, रुंद चौकटीत, सेन्सरनं गमावलेलं छोटा कॅमेरा लेन्समधून परत मिळवतो. झूम करत गेलात की त्याची लेन्स आक्रसून एफ/४.९ वर येते आणि ही बढाई संपते. आणि सरांनी पन्नासची लेन्स चढवली की चित्रच पालटतं. तीही एफ/१.८ ची, वर मोठा सेन्सर. तिनं काढलेला चेहरा आणि चेहऱ्यामागे विरघळलेली भिंत छोट्या डबीच्या आवाक्यातली नाही. शिवाय डी९० च्या अंगातच फोकसची मोटर आहे, म्हणून ही जुनी लेन्स त्यावर आपणहून फोकस करते. निकॉनच्या डी३१०० सारख्या स्वस्त बॉडीत ती मोटर नसते, तिथे हातानं फिरवत बसावं लागतं. जुनं सामान घेणाऱ्यांनी एवढं विचारून घ्यावं.

कोकणात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी, बुरशी. आमच्याकडे चार महिने कपाटातल्या चपलांना हिरवी लव येते, तिथे लेन्सचं काय घेऊन बसलात! लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवून मागून टॉर्च मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर नमस्कार करून निघायचं. सरांची झूम स्वच्छ निघाली. पन्नासच्या लेन्सच्या कडेला एक बारीक तंतू होता, त्याचे मी लगेच पाचशे कमी करायला लावले. छोट्या कॅमेऱ्याची अडचण वेगळी. त्याची लेन्स आत-बाहेर करते आणि येताना धूळ आत ओढते, आणि ती लेन्स उतरवता येत नाही म्हणून आतला सेन्सर घरी पुसताही येत नाही. भिंग लहानात लहान उघडं ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की डाग दिसतात. भाच्याच्या कॅमेऱ्यात एक डाग निघाला, वर डाव्या कोपऱ्यात. हर्णैच्या किनाऱ्यावर कधी नेला होतास का विचारलं तर हसला.

मग माझी चाळिशी. हा मुद्दा मी कुठल्याच परीक्षणात वाचला नाही, कारण परीक्षणं लिहिणारे बहुधा पंचविशीतले असतात. डीएसएलआरला डोळा लावायची खिडकी असते आणि तिच्या शेजारी एक बारीक चाक. ते फिरवलं की चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. छोट्या सोनीला खिडकीच नाही, मागचा पडदा बघायचा. म्हणजे चष्मा लावा, माणूस धूसर. चष्मा काढा, पडदा धूसर. पहिले दोन दिवस मी नुसती चष्मा वर-खाली करत होते.

आणि तो खिशात मावतो म्हणतात, तर कुणाच्या खिशात? माझ्या कमीजला खिसा नाही. मुलींच्या गणवेशाला असतो तो रुमालाच्या चार घड्यांपुरता. शेवटी तो माझ्या बुरख्याच्या आतल्या खिशात मावला, जिथे एरवी बसचे सुटे पैसे असतात. बॅटरी-कार्डासह २४० ग्रॅम. डी९० लेन्ससकट किलोच्या वर जातो. वह्यांच्या गठ्ठ्याबरोबर तो खांद्यावर घेऊन मी एसटीत एकदाच चढले.

इथपर्यंतचं सगळं आकड्यांचं. खरी परीक्षा झाली चुलत बहिणीच्या मुलीच्या लग्नात. मेंदीला मी डी९० नेला. बायकांच्या खोलीत शिरले मात्र, शेतावरून वारा जावा तशा ओढण्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वर गेल्या. एका बाईनं विचारलं, कुठल्या स्टुडिओकडून आलात? मी इथलीच, अमक्याची मुलगी, असं सांगत फिरावं लागलं. फोटो चांगले आले, नवरीचे तर फारच. पण बाकी सगळ्या बायका ओळखपत्राला बसल्यासारख्या. माझी नानी पन्नास वेळा.

दुसऱ्या दिवशी निकाहला छोटा सोनी. कुणी लक्षच दिलं नाही. हातात डबी, डबीकडे बघत मी ताटांमधून फिरतेय. आरशाचा खटाक आवाज नाही, चेहऱ्यावर काळा ठोकळा नाही. दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या कानात बोलून खिदळतायत, एक मुलगी खालाच्या मांडीवर झोपलीय, नवरीची आई दाराआड डोळे पुसतेय. मला वाटलं, हाच घ्यायचा, विषय संपला.

रात्री घरी फोटो मोठे करून पाहिले तेव्हा विषय संपला नव्हता. झोपलेल्या मुलीच्या मागे खिडकीजवळ एक बाई केस मोकळे सोडून वेणी घालत होती. तिला मी ओळखते, परक्यापुढे तिच्या कपाळावरचा एक केस दिसत नाही. ती बायकांच्या खोलीत होती, निर्धास्त होती, आणि मी तिला विचारलं नव्हतं. मोठा कॅमेरा असता तर तिनं तो पाहिला असता आणि पाठ फिरवली असती. तो फोटो मी पुसला. झोपलेली मुलगी फार गोड आली होती, तीही गेली. मग प्रत्येक फोटोचे कोपरे बघत रात्री दीडपर्यंत जागले आणि सकाळी नवरीच्या आईच्या हातात कार्ड दिलं.

छोट्या कॅमेऱ्याचं सगळीकडे एकच कौतुक वाचायला मिळतं, कुणाच्या लक्षात येत नाही. रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्यांना तो मोठा गुण वाटतो. माझं मत आता उलट झालंय. आमच्या घरांमध्ये, आणि मला वाटतं कुणाच्याही घरामध्ये, लक्षात न येणं हा त्या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा दोष आहे. डीएसएलआर बोजड आहे, आवाज करतो, लोकांना अवघडून टाकतो, पण तो दारात उभा राहून सलाम करून आत येतो. समोरच्याला नाही म्हणायला वेळ मिळतो. डबीला ती सवय आपण लावावी लागते.

एवढं कळूनही मी डबीच घेतली. कारण अम्मी.

डी९० पाहून अम्मी उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि मी तो बॅगेत ठेवेपर्यंत बाहेर आली नाही. सोनी घेऊन मी तिच्यासमोर बसले ती तांदूळ निवडत होती. या वेळी आधी सांगितलं, फोटो काढते. "यातून?" म्हणाली आणि परत तांदळात बोटं घातली. मी कॅमेरा छातीशी धरला होता, माझा चेहरा तिला दिसत होता, आम्ही बोलत राहिलो. ओढणी तिनं सारखी केली, पण तोंड लपवलं नाही. प्रत्येक फोटो मागच्या पडद्यावर तिला दाखवला. अकरा काढले. चार तिनं पुसायला लावले, त्यांतला एक मला फार आवडला होता. थोडी हुज्जत घातली, मग पुसला. उरलेल्या सातांपैकी दोनांत ती हसतेय. दोन प्रती छापून घेतल्या, एक मामूंच्या घरी नानीच्या त्या फोटोशेजारी ठेवायला दिली. त्यांनी ठेवली की नाही, अजून गेले नाही बघायला.

शाळेसाठी मात्र मी मुख्याध्यापकांना डी९० च सुचवला आहे. स्नेहसंमेलनात मुलं केस विंचरून, बटणं लावून, पोट आत घेऊन उभी राहतात, तिथे असा रुबाबदार कॅमेराच हवा, आणि रंगमंच लांब असतो तेव्हा झूमही लागते. हो म्हणालेत, पण निधीचं विचारावं लागेल म्हणाले, म्हणजे पावसाळा जाणार. तोवर सरांनी तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवला आहे. पन्नासच्या लेन्सचे पाचशे कमीच धरायचे, हे मी त्यांना परवा पुन्हा सांगितलं.