रसवंतीची खोटी वकिली

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने एक मजकूर पाठवला. 'उसाचा रस अमृत, कोला विष. रस प्या, कावीळ पळवा, मधुमेह विसरा.' खाली सगळ्यांचे हात जोडलेले! प्रताप नगरातल्या आमच्या रसवंतीचा मी तीस उन्हाळ्यांचा गिऱ्हाईक. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप.

आधी साखरेचं बघू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यानुसार १०० मिलिलिटर रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते आणि मोठ्या माणसाने दिवसाकाठी ३० ग्रॅमच्या आत राहावं. म्हणजे २०० मिलिलिटरचा एक ग्लास घेतला की दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. कोलात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. गणित सोपं आहे. साखरेच्या परीक्षेत आपली रसवंती नापास! मधुमेह 'विसरायचा' सल्ला देणाऱ्याने निदान आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांकडे तरी बघावं. मला स्वतःला साखर आहे.

आता कावीळ. माझ्या वर्गातल्या एका मुलाला कावीळ झाली होती. घरच्यांनी त्याला तीन आठवडे रसावर ठेवलं आणि डॉक्टरांकडे नेलं ते फार उशिरा. पोरगं वाचलं, पण त्याचं वर्ष गेलं. कावीळ हा रोग नव्हे, लक्षण आहे. काही प्रकारांत ती दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूंमुळे होते. म्हणजे ज्या ग्लासातून औषध म्हणून रस पाजायचा, त्यातलाच बर्फ घाण पाण्याचा असला तर कावीळ तिथूनच यायची! राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलं, ते उगाच नव्हे. ग्लासात निळसर बर्फ दिसला तर तिथून उठावं. आणि बर्फ पांढरा दिसला म्हणून तो चांगलाच, असंही समजू नये. तो कुठून येतो हे विचारायला लाजू नये.

मग एवढं सगळं बोलून मी रसवंतीच्या बाजूचा कसा?

कारण रसाचा खरा गुण कोणी सांगतच नाही. रस टिकत नाही. काढला की काही वेळात काळपट पडतो, मग आंबतो. त्यामुळे साधा ताजा रस एका कारखान्यात काढून देशभर विकता येत नाही. तो प्यायचा तर मोहल्ल्यात चरक हवा, तो चालवणारा माणूस हवा, दोन बाकडी हवीत. कोकाकोला १९७७ मध्ये भारतातून गेला आणि १९९३ मध्ये परत आला. त्याचं येणं-जाणं दूरवर ठरलं. रसवंतीचं भवितव्य आपल्याच चौकात ठरतं.

पुण्याच्या बाजूला रसवंतीच्या पाट्यांवर 'नवनाथ', 'कानिफनाथ' अशी नावं सर्रास दिसतात. पुरंदर तालुक्यात बोपगावजवळ कानिफनाथांचा गड आहे आणि त्या भागातल्या अनेकांनी हा धंदा बाहेरगावी नेला. नाव एकच, मालक मात्र शेकडो! कोणी कोणाला नावाचे पैसे देत नाही. घुंगरांचंही तसंच. बैल चरक फिरवायचे तेव्हापासूनचा तो नाद. आता विजेची मोटर आली तरी घुंगरं कोणी काढली नाहीत.

आमच्या रसवंतीवाल्यासमोर ऊस पुसला जातो, आलं-लिंबू घालून तुमच्या डोळ्यांदेखत पिळला जातो. ग्लास परत जातो, रस्त्यावर बाटली पडत नाही. दुपारी पंचेचाळीस अंशांत सायकलरिक्षावाला आणि कॉलेजची पोरं एकाच बाकड्यावर बसतात. पुण्याचे नातेवाईक १९६८ पासूनच्या 'सुजाता मस्तानी'चं कौतुक करतात, ते रास्तच आहे. पण इथल्या तीस वर्षांच्या दुकानाला आपण 'ठेला' म्हणतो आणि पाहुणा आला की फ्रिजमधली बाटली काढतो. वर पुन्हा अमृताचा संदेश पाठवतो!

त्याला अमृताची पदवी नको, गिऱ्हाईक हवं. परवा तोच म्हणाला, "सर, पोरगा म्हणते का हा धंदा आता परवडत नाही जी." मी काय उत्तर देणार?

मी आता पाव ग्लास घेतो, बिनबर्फाचा, तोही महिन्यातून एकदा. पैसे पूर्ण ग्लासाचे देतो. तो घेत नव्हता, मी रागावलो तेव्हा घेतले. तुमची प्रकृती ठणठणीत असेल तर संदेश पुढे पाठवण्याआधी अर्धा ग्लास पिऊन या. आणि कावीळ झाली असेल तर आधी डॉक्टरांकडे जा.

असो.